सटवाईच्या राखणपाटाची कहाणी

ऐक गं सटवाई माते, तुझी कहाणी. आधी वेळ ऐक, मग नगर ऐक.

मार्गशीर्ष महिना, चंपाषष्ठीचा दिवस. सूर्य उगवून दहा घटका झाल्या होत्या. त्याच घटकेला पाट रिकामा राहिला. बायांनो, आपापली लेकरं जवळ घेऊन बसा, मग पुढचं ऐका.

नगर होतं आटपाट. तिथं एक म्हातारा कुणबी राहात होता. त्याला तीन लेक, तीन सुना. पोटाच्या मागं तिघं तीन गावी पांगले, पण चंपाषष्ठीला खंडेरायाची तळी भरायला सगळी एकत्र यायची. भरीत-रोडग्याचा नैवेद्य व्हायचा. तळी भरली की अंगणात आधी लेकरांची पंगत बसायची.

अंगणात विहीर. विहिरीला कठडा नाही. म्हणून त्या घरचा एक नेम होता. विहीर आणि पंगत यांच्या मधे सटवाईच्या नावानं पाट मांडायचा. त्यावर घरची एक बाई बसायची. शेवटचं लेकरू हात धुऊन आईजवळ जाईस्तोवर तिनं उठायचं नाही, जेवायचं नाही, पाठ फिरवायची नाही. त्याला राखणपाट म्हणत. सासू होती तोवर सासू बसली. गेल्या साली सासू वारली. आता पाट कोणाचा?

मग सासऱ्यानं पाट मांडला, हळदकुंकू वाहिलं, म्हणाला, "पोरींनो, कोणी तरी बसा गं."

थोरली सगुणा म्हणाली, "मी बसले तर वाढंल कोण? तुमचे लेक?"

मग मधली चंद्रावती म्हणाली, "दोन दिवस बैलगाडीत हाडं खिळखिळी करून आले. आता पुन्हा बसूच का? पाटावर बसायला मी काय नवरी आहे?"

मग धाकटी राही म्हणाली, "माझं एकटीचंच पोर आहे का पंगतीला? ज्यांची जास्ती, त्यांनी बसावं."

थोरलीला वाटलं मधली बसेल. मधलीला वाटलं धाकटी बसेल. धाकटीला वाटलं, दोघी मोठ्या आहेत, त्यांचं त्या बघतील. पाट रिकामाच राहिला.

तिकडं देवापुढं तळी उचलली, येळकोट झाला, भंडारा उधळला. सगळ्यांच्या माना वर. मान खाली आली तेव्हा लेकरं पानावर बसली होती. लेकरं मोजू नयेत, दृष्ट लागते, म्हणून कोणी मोजली नाहीत. सगुणा वाढत वाढत शेवटच्या पानाशी आली आणि थबकली. पान मांडलेलं, पाणी ठेवलेलं, पानावर कोणी नाही.

"राही, तुझी गोदी कुठं गं?"

"तुमच्याजवळ होती ना?"

"माझ्याजवळ? मला वाटलं चंद्रावतीजवळ."

"माझ्याजवळ कशाला येईल? माझ्या कडेला तान्हा आहे!"

राहीच्या हातातली घागर निसटली. चार वर्षांची लेक, एकुलती एक. राही घरात धावली, गोदी नाही. गोठ्यात धावली, गोदी नाही. विहिरीशी आली. आत बघवेना.

मग एकच धावाधाव झाली. बाप्ये विहिरीत गळ टाकू लागले. सगुणा वाटेकडं पळाली. चंद्रावतीनं तान्ह्याला गोधडीवर टाकलं आणि ओढ्याकडं पळाली. राही पदर सावरत निघाली, तोच दारात एक म्हातारी उभी. कपाळाला मळवट, हातात काठी.

"पोरी, पाटावर कोण आहे?"

"आजी, वाट सोडा. माझी लेक गेली."

"तुझी एक गेली. मागं नऊ आहेत, दहावा रांगता आहे. विहीर तिथंच आहे. त्यांच्यापाशी कोण आहे?"

राहीनं मागं बघितलं. बाप्ये विहिरीत वाकलेले, लेकरांपाशी मोठं माणूस एक नव्हतं.

"आजी, माझा जीव थाऱ्यावर नाही हो."

"नसू दे. तू पाटावर अस. तू उठशील तर एकीच्या दोन जातील. बसशील तर सटवाई तुझ्या पाठीशी बसंल."

राही रडत रडत पाटावर बसली. बायांनो, बसणं सोपं नाही. पळणाऱ्याला पाय तरी असतात.

मग विहिरीपासून नवरा ओरडला, "तांबडं काही तरी लागलंय गळाला!" गोदीचा परकर तांबडाच. राही अर्धी उठली, पुन्हा बसली. लेकरांकडं बघत राहिली. गळ वर आला, नुसतं तांबडं फडकं निघालं.

मग वाटेवरून सगुणा ओरडली, "एक पोर बाजाराकडं गेली म्हणतात गं!" राही अर्धी उठली, पुन्हा बसली. ती पोर दुसऱ्याची निघाली. बाप्येही मग गळ ठेवून ओढ्याकडं गेले.

मग तिसऱ्यांदा काय झालं? बारीक हाक आली, "आई गं!" वरून नाही, बाजूनं नाही. खळ्याकडच्या जमिनीतून. राहीच्या अंगावर काटा आला. ती ताडकन उठली, तर समोर चंद्रावतीचा तान्हा रांगत रांगत विहिरीच्या काठाशी, एक हात काठाबाहेर.

इकडं लेक, तिकडं दुसरीचा लेक. पाय दोन आणि वाटा दोन.

राही विहिरीकडं धावली. तान्ह्याचा पाय धरला, ओढून छातीशी घेतला, पाटावर येऊन बसली आणि जिवाच्या आकांतानं ओरडली, "चंद्राबाई! खळ्यात! माझी गोदी खळ्यात आहे हो!"

ओढ्यावरून चंद्रावती धावली, मागनं तिचा नवरा धावला. खळ्यात जमिनीत खणलेलं बाजरीचं पेव होतं. रोडग्यासाठी आदल्या दिवशी बाजरी काढली आणि तोंडावर फळी टाकायची राहिली. गोदी आत पडली होती. पेवात कोंदट वारं, आता हाकही थांबली होती. चंद्रावतीनं खळ्यातला दोर कमरेला बांधला.

नवरा म्हणाला, "मी उतरतो."

"तुमचे खांदे शिरायचे नाहीत. तुम्ही धरा, आणि सोडाल तर बघा!"

ती आत उतरली. तळाला हातभर दाणा होता, म्हणून हाडं वाचली होती. पोर काखेत मारली आणि वर आली. धापा टाकत अंगणात आली, पोर राहीच्या मांडीवर ठेवली.

गोदी गार. राहीनं एक हाक मारली, ओ नाही. दुसरी मारली, ओ नाही. दारातल्या म्हातारीनं भंडाऱ्याची चिमूट पोरीच्या कपाळी लावली. राहीनं तिसरी हाक मारली. गोदीनं ठसका दिला, डोळे उघडले, म्हणाली, "आई, अंधारात कुणी बोलतच नव्हतं."

तेव्हा कुठं चंद्रावतीचं लक्ष राहीच्या दुसऱ्या मांडीकडं गेलं. "हा गं कसा तुझ्यापाशी? मी तर गोधडीवर टाकला होता."

राहीनं काठाकडं बोट केलं. ओल्या मातीत इवल्याशा पंजाचा ठसा होता. चंद्रावती मटकन खाली बसली. दोघी एकमेकींच्या गळ्यात पडल्या. कोणाचं रडू कोणाचं, कळेना.

"अगं, तू तुझ्या लेकीकडं का गेली नाहीस?"

"तुम्ही जाल, हे ठाऊक होतं. याच्याकडं जायला मात्र मीच होते."

म्हातारीला पान वाढायला सगुणा वळली, तर दारात कोणी नाही. सगुणा म्हणाली, "आता मी बसते. तुम्ही दोघी जेवून घ्या." राही म्हणाली, "अजून लेकरांचे हात धुवायचे आहेत, आक्का. तोवर मी उठायची नाही."

जशी सटवाई राहीला पावली, तशी तुम्हां आम्हां पावो. जिची तिची लेकरं तिच्या तिच्या पदरी सुखरूप येवोत. साठ बोलांची ही कहाणी पाच बोलांत पुरी केली, तिचं फळ ऐकणारीला लाभो.

आणि बायांनो, एवढं करा. ज्या घरी पंगत बसणार असंल, त्या घरी आजच सांगा. माहेरी सांगा, सासरी सांगा, बोलणं बंद असलेल्या जावेलाही सांगा, की पाट रिकामा ठेवू नका.