राईतलं पाणी

एका डोंगरी संस्थानात मुलखाची माहिती लिहायचं काम राजाने दिवाण त्र्यंबकपंतांवर सोपवलं. घाट, रस्ते, पिकं, जत्रा असं सगळं वहीत टिपत पंत उंबरगोठ्याला पोचले. गावामागची दाट देवराई पाहून त्यांनी लिहिलं आणि मोठ्याने वाचूनही दाखवलं, “पडीक जागा. इथून काहीच मिळत नाही. झाडं तोडून सरळ रस्ता काढावा.”

गावकऱ्यांना ते मुळीच रुचलं नाही, पण दिवाणांपुढे बोलणार कोण?

चढ चढून पंतांचा घसा कोरडा पडला होता. त्यांनी पाणी मागितलं. राईतल्या देवळात पूजा करणारी सावळाबाई गुरवीण पुढे आली. तिने गुळाचा खडा दिला आणि रिकामा तांब्या समोर ठेवला.

पंत भडकले. “बाई, ही काय थट्टा?”

“थट्टा कशी करीन, सरकार? गावाला एकच बारमाही झरा, तो राईतला. तिथून काहीच मिळत नाही, असं तुम्हीच लिहिलंत. सरकारी वही खोटी पाडून पाणी कसं आणू?”

पंत खो खो हसले. त्यांनी ती ओळ खोडली, रस्ता वळसा घालून न्यायला सांगितलं आणि दोन तांबे गार पाणी प्यायले.

त्या वर्षी जत्रेत देवापुढे पहिला नारळ दिवाणांचा फुटला.