सुटीचा भोंगा

त्या राज्यात कापूस अजून पिकत होता, पण सूतघर बंद पडले होते. सूतघर म्हणजे विटांची एक लांबलचक इमारत. तिथे खारींनी पिढ्यानपिढ्या सूत कातले. आता मालक मोराने ठरवले, की या उंच छताखाली हंसांसाठी राहती घरे करायची.

खारी आतच बसून राहिल्या. आमच्या शेपट्या इथे झिजल्या, तेव्हा प्रत्येकीला राहायला एकेक कोपरा द्या, एवढेच त्यांचे म्हणणे. बाहेर झाड उरले नव्हते. हौसा नावाच्या खारीच्या पिल्लाने तर अजून डोळेही उघडले नव्हते. हौसा सारखी त्याच्या अंगावर पंजा ठेवून बघे, श्वास चालू आहे ना.

एक तरी खार आत असेपर्यंत भिंतीला हात लावायचा नाही, असा तिथला कायदा होता. म्हणून मोराने बगळ्यांना पाठवले.

"बाहेर या, मग बोलू," बगळे म्हणाले.

"तिथूनच बोला की. शेपट्या झिजल्यात, कान नाही झिजले," म्हातारी गोदाक्का म्हणाली. उपाशीपोटी सगळ्या हसल्या.

दाणे अडवले, पाणी तोडले. खारी हलल्या नाहीत.

मग एका संध्याकाळी मोराने सुटीचा भोंगा वाजवला, पूर्वी रोज काम संपताना वाजायचा तो. बाकी काही केले नाही.

कितीतरी महिन्यांनी तो आवाज आला. हौसा उठली. अंगावरचा कापूस झटकला, पिल्लू उचलले आणि रांगेत उभी राहिली. पुढे गोदाक्का, मागे बाकीच्या. कुणी कुणाला काही विचारले नाही. रांग फाटकाबाहेर पडली, तशी गोदाक्का थबकली.

"अगं बायांनो, आपण निघालो कुठे?"

मागे फाटकाची कडी लागली.

हंस राहायला आले. जुन्या विटा त्यांना फार आवडल्या. खालच्या दालनात, रस्त्याकडच्या काचेआड त्यांनी सूत कातायची एक चाती ठेवली, तिच्यापाशी मातीची खार बसवली, आणि तिच्या कुशीत मातीचे पिल्लू.

हौसा आता गटाराच्या कडेला राहते. एकदा ती पिल्लाला घेऊन त्या काचेपाशी गेली. पिल्लाने काचेला नाक लावले.

"आई, ह्यांना बरं आत राहू देतात?"

हौसाने त्याला जवळ ओढले. काचेवर त्याच्या श्वासाचा डाग राहिला. आतून एक बगळा फडके घेऊन आला आणि पुसू लागला. डाग बाहेरच्या अंगाला होता. तो पुसतच राहिला.