पोवळेबाईच्या पायथ्याचा किडा

समुद्र काही घरात मावत नाही, तरी एका हौशी माणसाने तो काचेच्या टाकीत आणून ठेवला होता, त्या वेळची ही गोष्ट.

टाकीतल्या दगडावर पोवळेबाई राहायची. तिची एक बाजू पांढरी पडत चालली होती. आपण मरणार, या भीतीने ती सुकली होती.

पट्टेरी मासा म्हणाला, "बाई, डोळे फुटले का तुझे? पांढरं पडतंय तिथंच तो केसाळ किडा बसलाय. तोच खातोय तुला!"

"मी सडलेलं तेवढंच खातो," किडा म्हणाला.

"चोरसुद्धा असंच म्हणतो!" पोवळेबाई कडाडली. "खेकडेमामा, उचला याला!"

मामाने किड्याला नांगीत धरून पार कोपऱ्यात फेकलं.

मासा म्हणजे खादाड. खाताना अर्धे दाणे सांडायचा, ते पोवळेबाईच्या पायाशी पडायचे. आता ते उचलायला कुणी उरलं नाही. दाणे कुजले आणि पांढरेपणा भराभर वर चढला. तेव्हा बाईला उमगलं.

"मामा, किड्याला परत आणा."

"थुंकलेलं चाटणार होय?"

"चाटते. मला जगायचंय!"

किडा आला. "चुकले रे दादा," बाई म्हणाली.

"रडू नंतर. आधी ही घाण आवरू दे," म्हणत तो कामाला लागला.

पांढरेपणा थांबला. हळूहळू त्या पांढऱ्या डागाच्या कडेला, बाईच्याच अंगावर, मोहरीएवढं गुलाबी तोंड, म्हणजे पोवळ्याचं नवं पिल्लू, फुटलं. उघडल्या उघडल्या ते ओरडलं, "किडेकाका, लवकर या! माशाने परत सांडलंय!"