अमोसच्या गोळ्या

“मग पाळकसाहेब, कधी फेकू? पहिलं गीत झाल्यावर, की उपदेश संपल्यावर?”

अमोस धापा टाकत होता. एसटीच्या थांब्यापासून तो पळत आला होता, आणि आपल्याला पळता येतंय या आनंदात शेवटी शेवटी आणखीच जोरात पळाला होता.

“काय फेकणार आहेस?”

“गोळ्या!”

त्याने सदऱ्याच्या खिशातून टीबीच्या गोळ्यांची पाकिटं काढली आणि ओट्यावर ठेवली. दुसऱ्या हातातला पितळी डबाही ठेवला.

ओट्यावर रेव्हरंड लेमुएल साळवे बसले होते. नगरकडच्या या खेड्यात त्यांनी आयुष्यभर पाळक म्हणून काम केलं होतं. आता थकले होते, चर्चच्या मागच्या खोलीत राहत होते. अमोस त्यांच्याकडे शास्त्र शिकायला यायचा. पोरगा हुशार होता, आणि आपण हुशार आहोत हे त्याला जरा जास्तच ठाऊक होतं.

नाताळात त्याला दोघांनी धरून चर्चमध्ये आणावं लागलं होतं. खोकताना रक्त पडायचं. आज त्याच्यासाठी मंडळीने उपकारस्तुतीची उपासना ठेवली होती. आजारातून उठलेल्या माणसाने अशा वेळी पुढे येऊन साक्ष द्यायची, देवाने आपल्यासाठी काय केलं ते सांगायचं, अशी रीतच आहे.

“साक्ष द्यायची तर अशी द्यायची,” अमोस म्हणाला. “सगळ्यांना घेऊन विहिरीपाशी जायचं. आणि सगळ्यांच्या देखत... धप्प!”

“त्या विहिरीचं पाणी अख्खी वस्ती पिते.”

“बरं, मग चुलीत टाकतो.”

म्हातारा हसला.

“पाळकसाहेब, थुंकीचा रिपोर्ट स्वच्छ आलाय! वजन वाढलंय! काल सायकलवर थेट घाटापर्यंत जाऊन आलो, एकदाही खोकलो नाही!”

“इकडे ये.”

म्हाताऱ्याने त्याच्या छातीवर हात ठेवला.

“श्वास घे.”

अमोसने घेतला.

“सोड.”

सोडला. कुठे अडकला नाही, कुठे घरघरला नाही.

“वा रे वा!” म्हातारा म्हणाला. “पुन्हा घे बघू!”

अमोसने पुन्हा घेतला. दोघांनाही हसू आवरेना. मरता मरता वाचलेला पोरगा समोर उभा राहून छाती फुगवतोय, याहून मोठं सुख म्हाताऱ्याला त्या दिवशी दुसरं कोणतं असणार?

“डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या?”

अमोसने मान उडवली.

“त्या म्हणतात, अजून तीन महिने घ्यायच्या. मध्येच सोडल्या तर आजार उलटतो, मग या गोळ्याही चालत नाहीत.”

“मग?”

“मग काय? त्यांना शास्त्र कुठे ठाऊक आहे! देवाने बरं केलं म्हणायचं आणि रोज सकाळी गोळ्याही गिळायच्या? हा कसला विश्वास?”

म्हाताऱ्याने ओट्यावरच्या पाकिटांकडे पाहिलं.

“आणि मी एकटाच नाही,” अमोस पुढे सरकून म्हणाला. “सलोमीसुद्धा फेकणार आहे!”

“पौलसची पोरगी, सलोमी?”

“हो! तिला गोळ्या सुरू होऊन महिनाच झालाय, अजून ताप येतो. पण म्हणाली, दादा, तू फेकल्यास की मीही फेकते. केवढा विश्वास आहे बघा तिचा!”

म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं.

दुसऱ्या कोणी असतं तर पोराच्या कानाखाली आवाज काढला असता. मी तर नक्कीच काढला असता. म्हाताऱ्याने फक्त डब्याकडे बोट केलं.

“त्यात काय आहे?”

“डिंकाचे लाडू. आईने तुमच्यासाठी पाठवलेत. पहाटे उठून वळले तिने. म्हणाली, माझा पोरगा वाचला, पाळकसाहेबांचं तोंड गोड करून ये.”

डिंकाचे लाडू म्हणजे म्हाताऱ्याचा जीव की प्राण. त्याने झाकण काढलं. तुपाचा वास आला. डोळे मिटून तो वास त्याने पुरता घेतला.

मग एक लाडू उचलला आणि अंगणात भिरकावून दिला.

कोंबड्या धावल्या.

अमोसला वाटलं, हातातून निसटला असेल. तेवढ्यात दुसरा लाडू गेला.

“अहो... अहो, काय करताय?”

“तुझी आई फार भली बाई आहे रे.”

तिसरा लाडू.

“मग फेकताय कशाला?”

“माझा तिच्यावर विश्वास आहे,” म्हातारा म्हणाला. “मग तिचे लाडू कशाला हवेत मला?”

चौथ्यासाठी हात डब्यात गेला तसा अमोस झेपावला. त्याने डबा ओढून घेतला आणि दोन्ही हातांनी पोटाशी धरला. त्याचा आवाज चढला होता.

“आईच्या हातचं आहे हे! माझ्या उशाशी बसून बसून तिची कंबर गेली. रात्रीची झोप म्हणून घेतली नाही तिने. तरी पहाटे उठून तुमच्यासाठी हे केलं, आणि तुम्ही कोंबड्यांना घालताय? वर म्हणताय, विश्वास आहे? तिने पाठवलेलं फेकून द्यायचं आणि तिच्यावर विश्वास आहे म्हणायचं! तिला कळलं तर तिला काय वाट...”

तो थांबला.

अंगणात कोंबड्या लाडवांवर तुटून पडल्या होत्या.

अमोसने ओट्याकडे पाहिलं. पाकिटं तिथेच होती.

म्हातारा त्याच्याकडे पाहत होता. रागाने नाही... नुसता पाहत होता.

चर्चची घंटा वाजू लागली. रस्त्याने माणसं येत होती. “सलाम पाळकसाहेब!” कुणीतरी कुंपणापलीकडून हाक दिली. म्हाताऱ्याने हात वर केला, नजर मात्र अमोसवरून हलवली नाही.

“आजच्या घेतल्यास?”

“...नाही.”

“आणि कालच्या?”

अमोसने खाली पाहिलं. “कालच्याही नाही.”

“उद्या सकाळी दवाखाना उघडला की हे डॉक्टरीणबाईंना जसंच्या तसं सांगायचं. लपवायचं नाही.”

“नाही लपवत.”

एवढा वेळ अमोस आनंदात होता, आता त्याला भीती वाटत होती. स्वतःसाठी वाटत होती, आणि सलोमीसाठी त्याहून जास्त. त्याने डबा खाली ठेवला, पाकीट फाडलं आणि लालसर गोळ्या तळहातावर घेतल्या. म्हाताऱ्याने तांब्याभर पाणी पुढे केलं. अमोस घाईघाईने हात तोंडाशी नेऊ लागला.

म्हाताऱ्याने त्याचं मनगट धरलं.

“आधी उपकार मान.”

“गोळ्यांवर?”

“हं.”

“पण उपकार जेवणाआधी मानतात, पाळकसाहेब. ताट समोर आलं की. गोळ्यांवर कोणी...”

म्हाताऱ्याने डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली आणि मान खाली घातली.

अमोसनेही डोळे मिटले.

एरवी अमोसला प्रार्थनेला उभं केलं की शब्दांचा पूर यायचा, लोक चुळबुळ करायचे, ताटातलं अन्न निवायचं. आज त्याचे ओठ नुसतेच हलत राहिले. मग एवढंच ऐकू आलं, “प्रभू... थँक्यू.” मिटल्या डोळ्यांतून पाणी आलं आणि हनुवटीवरून ओघळलं.

“आमेन,” म्हातारा म्हणाला.

अमोसने गोळ्या गिळल्या. तोंड वाकडं केलं. आणि एकदम उठला.

“सलोमी! पाळकसाहेब, ती तिच्या गोळ्या घेऊन येणार आहे! मी आधी तिला गाठतो. माझ्याच शेजारी बसवतो. तिलाही आता, इथेच... तांब्या नेऊ का हा?”

“ने.”

तो तांब्या घेऊन पळाला. पाणी हिंदकळत होतं, चपला फटफट वाजत होत्या. कुंपणापाशी पोचला आणि जागच्या जागी उभा राहिला. तसाच परत पळत आला.

“पण पाळकसाहेब, सगळं गाव जमलंय! मीच घरोघरी सांगत फिरलो, या, चमत्कार बघायला या म्हणून. आता चमत्काराचं काय सांगू त्यांना?”

म्हाताऱ्याने ओट्यावरची पाकिटं गोळा केली, अमोसच्या सदऱ्याच्या खिशात घातली आणि खिशावर हलकेच थापटलं.

“तो तर तू आत्ताच गिळलास.”