दुःखावरच्या दोन ओळी

“...मग माझं चुकलं तरी काय, पाद्रीबाबा?” एलियानं विचारलं. “ओळी तुमच्याच होत्या. मी एक शब्द इकडचा तिकडे केला नाही.”

हार्टलीबाबा बंगलीच्या पडवीत बसले होते. ऐन तारुण्यात ते विलायतेहून नगरकडच्या या खेड्यात आले आणि इथंच म्हातारे झाले. मराठीत कविता करत. त्यांच्या छोट्या छोट्या ओळी लोकांच्या तोंडी अशा बसल्या होत्या, की भांडण मिटवताना किंवा लग्न जुळवताना कुणी ना कुणी त्या म्हणायचंच.

एलिया साळवे हा त्यांचा शिष्य. नुकताच उपदेशक झाला होता. बाबांच्या साऱ्या ओळी त्याला पाठ होत्या, आणि कुठल्या प्रसंगी कुठली म्हणायची हे आपल्याइतकं कुणाला कळत नाही, असं त्याला मनातून वाटे.

रिबकाबाईची तरुण लेक तापानं गेली, तेव्हा एलिया भेटायला गेला होता. उंबऱ्यात उभं राहूनच त्यानं दुःखावरच्या दोन ओळी म्हटल्या. देव माणसाचं मन नांगरतो ते पेरणीसाठी, असा त्यांचा अर्थ. रिबकाबाईनं मुकाट ऐकून घेतलं. त्यानंतर ती उपासनेला आली नाही. कुणाशी बोलेनाशी झाली. शेजारणी सांगत, धड जेवतसुद्धा नाही.

“मुलीचं नाव काय होतं?” बाबांनी विचारलं.

एलिया घुटमळला. नाव त्यानं विचारलंच नव्हतं.

बाबा काठी घेऊन उठले. “चल.”

रिबकाबाई भिंतीला टेकून बसली होती. बाबांना पाहून तिनं पदर सावरला, पण उठली नाही. बाबा तिच्यासमोर जमिनीवर बसले. गुडघे दुखत असावेत, कारण बसायला त्यांना बराच वेळ लागला.

एलिया वाट पाहू लागला. आता बाबा बोलतील. आपल्याला न सुचलेली एखादी ओळ काढतील…

बाबा बोलले नाहीत.

बऱ्याच वेळानं रिबकाबाईच म्हणाली, “बाबा, ह्यो तुमचा उपदेशक बोलून गेला, ते खरं हाय का? नांगारलं ते मला कळलं. पेरलं काय, ते कुठं दिसंना.”

एलियानं बाबांकडे पाहिलं.

“ठाऊक नाही,” बाबा म्हणाले.

“तुमीच लिवलंय न्हवं?”

“लिहिलं तेव्हा खरं वाटलं होतं. मग तिकडं विलायतेत आमची मुलगी गेली. त्या दिवशी मला त्या ओळी आठवल्यासुद्धा नाहीत.”

रिबकाबाईनं मान वर केली. “तुमाला लेक व्हती?”

“होती.”

“नाव काय तिचं?”

“एलिनर.”

ते नाव त्यांच्या तोंडून निघालं, आणि एवढा मोठा माणूस, सारा तालुका ज्याच्या शब्दाला मान देई, तो एका कुडाच्या घरात लहान मुलासारखा रडू लागला. एलियाला कुठं बघावं कळेना.

रिबकाबाई उठली. तांब्याभर पाणी आणून बाबांच्या पुढ्यात ठेवलं आणि त्यांच्या जवळ टेकली.

“माझी मार्था,” ती म्हणाली. “लई बडबडी पोर…”

आणि ती बोलू लागली. मार्थाला काय आवडे, कशाचा राग येई, ती कुणाच्या नकला करी. मधेच हसली, आणि हसता हसता तिला रडू कोसळलं. ऊन उतरलं तशी तिनं चूल पेटवली. दोघांना भाकरी वाढली, एक स्वतःच्या ताटात घेतली.

परतताना एलिया न राहवून म्हणाला, “बाबा, तुम्ही तर तिला काहीच सांगितलं नाही. उलट तिनंच तुमची समजूत काढली.”

“हो,” बाबा म्हणाले.

“मग त्या ओळी मी आता कुठंच म्हणायच्या नाहीत का?”

बाबा थांबले. काठीवर दोन्ही हात ठेवून त्यांनी एलियाकडे पाहिलं.

“म्हण की… ज्या घरात तुला रडता येईल, त्या घरात म्हण.”