भिवाईची खोळ

आज ऊन फार आहे, वाराही पडलाय. म्हणून खोळीला असं तेल सुटलंय. हात लावा, चालतं इथं. तुम्ही आत मूर्ती शोधताय, पण कुसवड्याच्या भिवाईच्या देवळात मूर्ती नाही. आहे ती नुसती शेंदराची खोळ, आतून पोकळ. त्याचं असं झालं म्हणे.

इथल्या राजाला मूर्तींचा, चित्रांचा भारी षोक. भिवाईची कीर्ती ऐकून त्यानं ती "चार दिवस बघायला" म्हणून राजवाड्यात नेली. राजाला नाही कोण म्हणणार? ती परत आलीच नाही. गाव मोकळ्या चौथऱ्यापुढंच नारळ फोडत राहिलं. पुढं राजा वारला आणि त्याच्या लेकानं दवंडी पिटली, की वडिलांची दालनं आता रयतेला खुली आहेत, या आणि बघा.

येसबा गुरव तेल-शेंदूर घेऊन निघाला. खुली केली म्हणजे आपली आई आपल्याला मिळणार, असंच त्या भोळ्याला वाटलं. सगळी दालनं हिंडला, पण भिवाई काही दिसेना. शेवटी पहारेकऱ्यानंच त्याला एका काळ्याभोर मूर्तीपुढं नेलं. लांब डोळे, ओठांवर हसू.

"ही नव्हं," येसबा म्हणाला. "आमची लाल हाय."

"अरं म्हाताऱ्या, लोकांना दाखवायची म्हणून गेल्या महिन्यात खरवडली की! आता कशी देखणी दिसतीया बघ."

येसबानं शेंदराची बोटं पुढं केली, तसं पहारेकऱ्यानं त्याचं मनगट धरलं. "शिवायचं न्हाई. बघायचं फकस्त."

"मग खरवडलेलं कुठं हाय?"

"मागं, उकिरड्यावर. ने जा. तेवढंच तुझं."

शेंदराचे थर इतके जाड, की खरवडताना मूर्तीच्या अंगावरून सबंध खोळच निघाली होती; ती तिथं दोन तुकडे होऊन पडली होती. येसबानं ती धोतराच्या सोग्यात बांधून आणली, असं सांगतात. ती बघून गाव पेटलं. राजवाड्याच्या दारात बसायचं, देवी घेतल्याशिवाय उठायचं नाही, असं ठरलं. येसबा सगळ्यांच्या पुढं.

पण गाव गेलंच नाही. आजही इथं कुणी नवी मूर्ती घडवत नाही, की राजवाड्यातली बघायला जात नाही. सांधलेल्या खोळीवरच शेंदूर चढतो. झालं काय, निघायच्या सकाळी येसबाचा शेजारी पिराजी लोहार आपल्या उंबऱ्यातनं उठलाच नाही. येसबा बोलवायला गेला, तर पिराजी त्याला म्हणाला,

"तिथं ती हसतीया म्हणालास न्हवं? मग ऱ्हाऊ दे बाबा. हितं आपण पिढ्यान्‌पिढ्या शेंदूर थापला. तिचं तोंड कसं हाय, ते एकानं तरी बघितलं हुतं का?"