नायकाच्या पाठीवरचा संसार

"गाडी जाळायची! आज अंधार पडला की लगेच! ठरलं!"

खांडकेदादांनी दिग्दर्शकाच्या खुर्चीतूनच हात उडवला आणि वैजूनं चमकून मागं बघितलं. कारण ती बैलगाडी तिची होती. म्हणजे तिच्या बापाची, लिंबाजीची. शूटिंगला दिलेली, आणि घेताना "एक ओरखडा पडणार नाही" असं दादांनी स्वतः सांगितलेलं!

सिनेमा तरी कसला? दादांच्या स्वप्नातला! घोडे, बंदुका, रुंद काठाच्या टोप्या, आणि नव्या जमिनीच्या शोधात उजाड माळावरून निघालेली माणसं. विलायती सिनेमात असतात ना, अगदी तश्शीच. फक्त घोडागाड्यांच्या जागी बैलगाडी. आणि कालच दादांना साक्षात्कार झाला, की कुडकुडणाऱ्या माणसांसाठी नायक आपली शेवटची गाडी पेटवून देतो! आगीच्या उजेडात त्याचा चेहरा, डोळ्यांत पाणी, मागे व्हायोलिनच व्हायोलिन! काय सीन!

"पण दादा, चारी बाजूंना बाभळी आहेत," एक असिस्टंट बोलून गेला होता. "माणूस गाडी जाळेल की फांद्या तोडेल?"

त्याला कालच संध्याकाळच्या एसटीत बसवून घरी पाठवलं. दुसऱ्यानं विचारलं, प्यायला पाणी पुरत नाही तर नायक क्लोजअपच्या आधी तोंड कसं धुतो? तोही एसटीत! तेव्हापासून युनिटमध्ये सगळ्यांना सगळं पटायला लागलं होतं.

वैजू मात्र थेट खुर्चीसमोर जाऊन उभी राहिली.

"साहेब, माझी गाडी न्हाई जाळायची."

"अगं पोरी, किंमत देतो की! नवी घे!"

"कुणाकडनं? लाकडी चाक करणारा आमच्या भागातला शेवटचा सुतार गेला. त्याची पोरं सोफे करत्यात. सोफ्याला बैल जुपू का?"

"अगं, तुझी गाडी अमर होतेय! मोठ्या पडद्यावर जळणार!"

"जळून अमर व्हायचं आसंल तर तुमची व्हॅन घ्या की!"

अख्ख्या युनिटला एकदम खोकला आला.

दादा उठून उभे राहिले. "म्हणजे तुलाही सीन खोटा वाटतो? मग ऐक! अंधार पडायच्या आत माझ्या, या खांडकेच्या तोंडून 'गाडी आणा' असं वदवून दाखव. मागितली, तर गाडी तुझी, वर बक्षीस! नाही जमलं, तर काडी तूच ओढायची! आणि बाभळी, लाकूड, लॉजिक यातला एक शब्द काढलास तर एसटी उभीच आहे!"

आता आली का पंचाईत! दादांनी आयुष्यात कधी शब्द मागे घेतला नव्हता. त्यांचे सिनेमे पडले, शब्द नाही.

पण आल्यापासून वैजू एक बघत होती. कुणालाही काम सांगायचं म्हटलं की दादा ते आधी स्वतः करून दाखवत. नायिकेचं रडणं, खलनायकाचं मरणं, सगळं. एकदा तर घोडा करून दाखवला, आणि खरं सांगायचं तर तो खऱ्या घोड्यापेक्षा बरा होता!

"बरं साहेब, जाळा," वैजू म्हणाली. "येवढंच सांगा, गाडी जळली. उजाडलं. मग?"

"मग काय! नायक ओरडतो, चला!"

"आन् ती पोटुशी बाई? तिला तर गाडीत निजवून आणली हाय."

"तिला तो पाठीवर घेतो! नायक आहे तो!"

"कसं ते काय ध्यानात येईना. करून दाखवा की."

झालं! दादांनी बाह्या सरसावल्या. पोटाला उशी बांधलेली नायिका लाजत लाजत पाठीवर चढली. युनिटनं टाळ्या वाजवल्या.

"वा! आन् बियाणं? नव्या जमिनीत पेरणार काय?"

"डाव्या खांद्यावर!"

वैजूनं गोणी ठेवली.

"पाणी?"

"उजव्या हातात!"

भरलेली घागर लटकली.

"नांगर?"

"ओढत नेतो!" दादांचा आवाज जरा बारीक झाला होता. वैजूनं नांगराचा दोर त्यांच्या कमरेला बांधला, चांगली निरगाठ मारून.

"म्हातारी?"

"म्हातारी चालते!"

"तिचं गुडघं गेल्यात. तुमीच लिवलंय."

"मी नाही, लेखकानं..."

"मग तिला नायिकेच्या वर बसवायची का?"

"नको! पुढे!"

"आन् ह्या कोंबड्या? मुलूख नवा, अंडी कुठनं आणायची?" वैजूनं एक कोंबडी त्यांच्या टोपीवर ठेवली. "हां, आता म्हणा, चला!"

"च... चला!"

दादांनी एक पाऊल टाकलं. नांगर दगडात अडकला. घागर हिंदकळून बूट भरला. कोंबडीनं घाबरून जे करायचं ते टोपीवर केलं. गोणी घसरली, नायिका किंचाळली, दादांचे गुडघे वाकले आणि तोंड लालबुंद!

"अरे, बघताय काय गाढवांनो!" दादा गरजले. "गाडी आणा! टाका हे सगळं गाडीत!"



"कुठल्या गाडीत, साहेब?" वैजूनं अगदी साळसूदपणे विचारलं. "ती तर राती जाळली न्हवं का तुमी?"

दादा खाली बसले. म्हणजे कोसळलेच, बियाण्यासकट. आणि कोंबडी डोक्यावर घेऊन असे खदाखदा हसले की पार लांबच्या घोड्यांनीही मान वळवली. मग काय, साऱ्या युनिटनं दाबून धरलेलं हसू सुटलं!

"घेऊन जा गं बाई तुझी गाडी!" डोळे पुसत दादा म्हणाले. त्यांनी नायकाची टोपी मागवली, कोरी, आणि वैजूच्या डोक्यावर ठेवली. "आणि आजपासून तू माझी असिस्टंट! पगार पहिल्या दोघांचा मिळून! प्रत्येक सीन लिहिला की आधी तुला सांगायचा, आणि तू विचारायचं, मग?"

"विचारीन की. उठा आता, साहेब."

"उठता येतंय कुठं!" दादा कंबर धरून कण्हले. "बैल जुंप! मलाही गाडीतच टाका!"